पाठ धरली, पण कोणी?

माझी पाठ मी आठ दिवसांत सरळ करून दाखवणार होते. डॉक्टर नको, मालीश नको आणि कुणाचा सल्ला तर मुळीच नको! पाठ माझी, मोटारसायकल माझी आणि डोकंही माझंच. जिनं बारा वर्षं भल्याभल्या व्यापाऱ्यांना सरळ केलं, तिला स्वतःचे चार मणके सरळ करता येऊ नयेत?

आधीच सांगून ठेवते, मी शांत बाई नाही. पुढे वाचताना कुणाला वाटलं की ही बाई फार चिडते, तर बरोबरच वाटतंय. मला राग येत नाही, मी रागातच असते. मधूनमधून तो थोडा कमी होतो, तेव्हा लोक मला विचारतात, बरं नाही का म्हणून.

मी वजनमापे निरीक्षक आहे. म्हणजे तुम्ही किलोभर साखर घेता तेव्हा ती किलोभरच असते ना, हे बघणारी बाई. मोटारसायकलच्या मागे लोखंडी पेटी, पेटीत पाच किलोपासून एक ग्रॅमपर्यंतची प्रमाणित वजनं, आणि रोज साठ-सत्तर किलोमीटरची फिरती. दुकानात शिरायचं, काटा तपासायचा, खोटा निघाला की तार ओवून शिशाची गोळी पकडीनं दाबायची. काटा बंद, माणूस गप्प! ऑफिसात मला काटाबाई म्हणतात. तोंडावर नाही म्हणत. म्हणून दाखवावं कुणी!

या फिरतीवर माझा जीव आहे. रस्ता, वारा, आणि दुकानदाराच्या चेहऱ्यावरचं हसू मला बघताच मावळतं तो क्षण. दुसरं काही मला येत नाही आणि यायलाही नको.

आता एवढ्या फिरतीनं पाठ दुखणारच. तीन वर्षं दुखत होती. आधी डावा खांदा, मग खांद्याखालचं फावडं, मग कंबर. पण मी कुणाला कळू दिलं नाही. कळलं कसं, तर साहेबांच्या ऑफिसची खिडकी नेमकी पार्किंगवर उघडते म्हणून!

एका सोमवारी त्यांनी मला बोलावलं.

"बाई, आज तुम्हाला गाडीवरून उतरायला चार मिनिटं लागली. मी घड्याळ लावून बघत होतो."

खाली येऊन हात द्यायचं सोडून हा माणूस घड्याळ लावून बघत होता! मी तसं म्हटलंसुद्धा. साहेबांनी ते ऐकलं नाही. साहेब लोकांना हे छान जमतं.

"पुढच्या सोमवारी सरकारी डॉक्टरांचा फिटनेसचा दाखला आणा. नाही मिळाला तर फिरती बंद. तीन महिने रेकॉर्ड रूम."

रेकॉर्ड रूम म्हणजे आमच्या ऑफिसच्या तळघरातली खोली. तीन भिंतींना छतापर्यंत फायली, चौथ्या भिंतीला दार, आणि मध्ये एक टेबल. खिडकी नाही. आधीचे रेकॉर्डकीपर तिथे एकोणीस वर्षं बसले, निवृत्तीच्या समारंभात भाषणाला उभे राहिले आणि इतकं हळू बोलले की पहिल्या रांगेतल्यांनाही फक्त ओठ दिसले. त्या खोलीत मी? मी तर तीन दिवसांत फायलींशी भांडायला लागले असते!

म्हणून आठ दिवसांत पाठ सरळ.

मंगळवारी मेकॅनिककडे गेले. त्यानं मला गाडीवर बसवलं, दोन पावलं मागे गेला आणि मान वाकडी करून बघितलं.

"मावशी, हँडल खाली आहे तुमचं. म्हणून वाकावं लागतं."

"मावशी कुणाला म्हणतोस? तुझी दाढी पिकलीय!"

"बरं, ताई. चार बोटं वर घेतो."

"चार बोटं? मी वजनमापे निरीक्षक आहे, आणि माझ्यासमोर बोटांनी मोजतोस? मिलिमीटरमध्ये सांग!"

"ताई, बोटांत मोजलं की बरोबर बसतं."

कुणाची बोटं मोजली देव जाणे! संध्याकाळी गाडी आणली तेव्हा हँडल माझ्या हनुवटीला शिवत होतं. हात वर करून चालवायचं, जणू काही मी रस्त्याला शरण आलेय. आरशांत तर माझीच कोपरं दिसायची, उजव्यात उजवं, डाव्यात डावं. दोन कोपरांच्या मधून मागचा रस्ता थोडासा डोकावला तर डोकावला. खांदा होता तिथेच दुखत राहिला आणि आता दंडही दुखायला लागले.

बुधवारी कमरेचा रुंद पट्टा आणला. तो मी उलटा बांधला, हे मला गुरुवारी कळलं. मधल्या काळात एका दुकानात माझ्या हातून एक ग्रॅमचं वजन खाली पडलं. वाकता येईना! दुकानदार काउंटरखालून सरपटत बाहेर आला आणि ते उचलून माझ्या तळहातावर ठेवून म्हणाला, "सांभाळून हां बाई." ज्याचा काटा तपासायला गेले त्यानं मला सांभाळून म्हणावं! तळपायाची आग मस्तकात गेली. त्याचा काटा अचूक निघाला, त्यामुळे ती आग काढायलाही जागा मिळाली नाही.

आता आमच्या ह्यांची ओळख करून देते, कारण पुढचा सगळा घोळ ह्यांचा आहे. हे एका छापखान्यात मुद्रितशोधक आहेत. दिवसभर छापायच्या मजकुरातल्या चुका लाल शाईनं काढतात आणि घरी आल्यावर माझ्या बोलण्यातल्या. कधी चिडत नाहीत. घरातलं सगळं चिडणं मला एकटीला करावं लागतं!

गुरुवारी रात्री जेवताना म्हणाले, "अगं, योगायोग बघ. माझ्याकडे सध्या एक पुस्तिका आलीय. दुचाकी चालवणाऱ्यांची पाठ आणि खांदे. एका निवृत्त सर्जनांनी लिहिलीय. भाषा जुन्या वळणाची आहे, पण माहिती चांगली आहे."

"मग द्या की!"

"छापून झाली की देतो. पुढच्या महिन्यात."

"सोमवारी माझी फिरती जातेय आणि तुम्ही पुढचा महिना सांगता?"

"कच्चं मुद्रित आहे गं. चुका आहेत त्यात."

चुका म्हणजे काय, तर वेलांटी पहिली की दुसरी! माझ्या मणक्यांना वेलांटीशी काय देणंघेणं? शनिवारी सकाळी हे आंघोळीला गेल्यावर मी टेबलावरच्या गठ्ठ्यातून 'रस्त्यात करावयाचे व्यायाम' हे पान काढलं, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकलं. पान चांगलं होतं, खोटं का बोला. दर अर्ध्या तासाने थांबावे. दोन्ही पाय जमिनीवर टेकवावेत. मुठी सैल सोडाव्यात, कोपरे किंचित वाकलेली असावीत, नजर पुढच्या चाकावर न ठेवता दूर ठेवावी. खांदे गोल फिरवावेत. आणि शेवटी, मान उजव्या खांद्यावरून मागे वळवावी, एकदम झटका द्यावा. समासात ह्यांनी लाल शाईत बरंच काही खरडलं होतं. त्याच्याकडे मी लक्ष दिलं नाही. ह्यांची खरडायची सवयच आहे.

दुपारी मी एका धान्याच्या दुकानात शिरले. मालक दांडगा होता, पोती उचलून मान खांद्यात रुतलेला. मी काट्यावर एक किलोचं प्रमाणित वजन ठेवलं. काटा म्हणाला, एक किलो चाळीस ग्रॅम! म्हणजे गिऱ्हाइकाच्या पिशवीतून किलोमागे चाळीस ग्रॅम गायब. मी तार ओवली, गोळी दाबली, कागदावर सही घेतली. एरवी लोक रडतात, ओरडतात, मंत्र्याच्या मेहुण्याचं नाव काढतात. हा माणूस नुसता काट्याकडे बघत राहिला आणि जड आवाजात म्हणाला, "ठीक आहे बाई. बघून घेतो मी."

बघून घेतो! मला? मी तरातरा बाहेर आले आणि ह्यांना फोन लावला.

"ऐकलंत का? मला म्हणतो, बघून घेतो! बघ म्हणावं! डोळे फाडून बघ!"

"कोण म्हणतो?"

"तो धान्यवाला! चांगला दांडगा आहे!" एवढं बोलून मी फोन ठेवला आणि गाडीला किक मारली.

एखादा किलोमीटर गेले असेन, तर मागून हॉर्न. एकदा नाही, दोनदा नाही, सारखा! आरशात कोपरांच्या फटीतून बघितलं, तर तोच धान्यवाला मोटारसायकलवर, एक हात हलवत येतोय. मी वेग वाढवला. घाबरून नाही हं! मला भांडायला आवडतं, पण गाडी बाजूला लावून, नीट उभं राहून. दोन किलोमीटर त्यानं माझी पाठ सोडली नाही. दोन किलोमीटर मी त्याच्यावर, रस्त्यातल्या खड्ड्यांवर, हँडलवर, मेकॅनिकच्या बोटांवर आणि साहेबांच्या घड्याळावर मोठमोठ्यानं आगपाखड करत होते. हेल्मेटच्या आत आवाज छान घुमतो. फाट्यावर मी डावीकडे वळले, तो सरळ गेला आणि हॉर्न थांबला.

बंद पडलेल्या एका पेट्रोल पंपासमोर मी गाडी उभी केली. अर्धा तास झालाच होता. खांद्यात तर नुसती आग! हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं, पान उघडलं आणि सगळं त्यात लिहिल्याबरहुकूम केलं. पाय टेकवले. मुठी सैल. खांदे गोल. मान उजव्या खांद्यावरून मागे. आणि एकदम झटका!

कट्!

यानंतर मी हललेच नाही. म्हणजे हलायचं ठरवलं होतं, पण मानेनं ऐकलं नाही. मान मागे वळलेली, पाठ पिळलेली, पाय दोन बाजूंना, बुडाखाली मोटारसायकल. श्वास जरा मोठा घेतला तरी मानेपासून कंबरेपर्यंत वीज चमकायची. फोन करावा तर जबडा हलवला की कळ. शेवटी खिशातून फोन काढला, उजव्या खांद्यापाशी धरला, कारण तोंड तिकडेच होतं, आणि एका अंगठ्यानं ह्यांना लिहिलं:

"पाठ धरलीय. बंद पेट्रोल पंपासमोर आहे. मागे बघत उभी आहे. हलता येत नाही. लवकर या."

यात न कळण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा! कुठल्याही शहाण्या नवऱ्याला हे कळलं असतं. पण माझा नवरा नुसता शहाणा नाही, मुद्रितशोधक आहे!

अर्धा तास गेला. समोरून येणारं मला काही दिसत नव्हतं, मागून येणारं सगळं दिसत होतं. आणि मागून आला कोण? धान्यवाला! पुढच्या गावापर्यंत शोधून माघारी फिरलेला. त्यानं गाडी लावली आणि माझ्याकडे चालत यायला लागला. पळता येईना, तोंड फिरवता येईना, मी आपली डोळे वटारून त्याच्याकडे बघत बसले.

"बाई, किती हाका मारायच्या! तुमची पक्कड राहिली की दुकानात!"

त्याच्या हातात माझी सील दाबायची पक्कड होती! सरकारी पक्कड, जी निरीक्षकानं जिवापलीकडे जपायची, ती मी रागाच्या भरात त्याच्या काउंटरवर विसरले होते. मनात आणलं असतं तर सील तोडून, काटा हवा तसा वापरून, त्याच पकडीनं त्याला पुन्हा जसंच्या तसं सील करता आलं असतं. त्यानं ते केलं नाही. तीन किलोमीटर पाठलाग करून पक्कड परत आणून दिली. इतका संताप आला मला त्याचा! चोर म्हणून पकडलेल्या माणसानं असं वागायचं नसतं.

"मान धरली का?" त्यानं विचारलं.

"न्ह," मी म्हटलं.

"पोती उचलून माझी दर दोन महिन्यांनी धरते. थांबा, हलू नका."

हलता येत असतं तर इथे शोभेला बसले असते का! पण हे बोलायला जबडा हवा. तो माझ्या मागे आला, दोन्ही पंजे माझ्या खांद्यांवर ठेवले आणि हळूहळू खाली दाबायला लागला.

"सोडा. खाली सोडा. बाई, हे खांदे आहेत की कानातले डूल? दोन किलोमीटर मागून बघत होतो मी. खांदे कानाला टेकवून चालवता तुम्ही. आणि एकट्याच कुणाशी तरी भांडत होतात! अशी बसलात तर घोड्याचीसुद्धा पाठ धरेल."

मी काही म्हणणार, तेवढ्यात मागच्या वळणावरून आमच्या ऑफिसची जीप धूळ उडवत आली. जीपमध्ये ड्रायव्हर, साहेब, दोन पोलीस, आणि मागच्या सीटवर खिशाला लाल पेन लावलेले आमचे हे!

"सोड! सोड त्यांना!" साहेब चालत्या जीपमधूनच गरजले.

धान्यवाला दचकला. दचकून त्यानं हात झटकले. आणि त्या झटक्यासरशी माझी मान पुन्हा कट् करून पुढे आली! चार दिशांना बघितलं. चारही दिसल्या! खांदा हलतोय, पाठ हलतेय, जबडा हलतोय. पण मी बोलायच्या आत दोन्ही पोलिसांनी धान्यवाल्याचे हात धरले होते.

"साहेब, हत्यार!" एक पोलीस ओरडला आणि माझी पक्कड वर धरून दाखवली.

"हत्यारासकट सापडला! गळा आवळत होता!" साहेबांचा चेहरा फुलला होता. खुर्चीत बसून बसून त्यांना अशी संधी कधी मिळाली नसावी.

"साहेब, मी बाईंची मान..." धान्यवाला सांगायला गेला.

"मान धरली होतीस, आम्ही सगळ्यांनी बघितलं! दुकानात धमकी दिलीस की नाही? बघून घेतो म्हणालास की नाही?"

"काटा बघून घेतो म्हणालो! दुरुस्तीवाल्याकडून काटा बघून घेतो, असं!"

तेवढ्यात आमचे हे माझ्यापाशी आले. डोळ्यांत पाणी होतं हो ह्यांच्या. म्हणाले, "तुझा निरोप वाचला आणि हातातलं मुद्रित तसंच टाकलं. लगेच साहेबांना फोन केला. पाठ धरणे म्हणजे पाठलाग करणे. शब्दकोशातला पहिला अर्थ!"

साहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "बाई, मी तुम्हाला ओळखलंच नव्हतं. एवढा दांडगा माणूस मागावर असताना तुम्ही जागा सोडली नाहीत. मागे बघत उभी आहे, असं लिहिलंत! वाचून माझ्या अंगावर काटा आला. आता हा तक्रारीचा कागद. ह्यानं पाठलाग केला आणि हल्ला केला, एवढं लिहून सही करा. हा जाईल आत. आणि सोमवारचा तो दाखलाबिखला विसरून जा. फिरती तुमचीच. मी असेपर्यंत तुमच्या फिरतीला कुणी हात लावणार नाही!"

कागद माझ्या हातात होता, जीपच्या बॉनेटवर पेन होतं. फिरती माझी! नुसती एक सही करायची! आणि खोटं तरी कुठे होतं फारसं? पाठलाग झालाच होता. हात मानेवर होतेच. मी धान्यवाल्याकडे बघितलं. तो मघाशी काट्याकडे बघत होता तसाच जमिनीकडे बघत होता.

मला त्याचा राग आला. साहेबांचा आला. सगळ्यात जास्त माझाच आला. तो माणूस चोर होता, पण चाळीस ग्रॅमचा! चाळीस ग्रॅमच्या चोरावर मी हल्ल्याचं वजन टाकलं, तर खोटा काटा कुणाचा? बारा वर्षं मी लोकांच्या तागड्या तपासल्या. एका ग्रॅमसाठी माणसं रडवली. आणि आज माझ्या सोयीसाठी तागडीखाली बोट लावायचं?

"नाही!" मी ओरडले. "पाठलागबिठलाग काही नाही! तो माझी पक्कड द्यायला आला होता! माझी पाठ धरली होती, पाठ! ही! दुखते ती! तीन वर्षं दुखतेय! सोडा त्याला!"

पोलिसांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांच्या चेहऱ्यावरचा शूरपणा उतरायला वेळ लागला.

"म्हणजे पाठलाग झालाच नाही?" त्यांनी विचारलं.

"तसा झाला," आमचे हे मध्येच म्हणाले. "दुकानापासून इथपर्यंत. फक्त हेतू वेगळा होता."

"तुम्ही गप्प बसा!" साहेब आणि मी एकदमच म्हणालो. आमचं दोघांचं एकमत झाल्याची तेवढीच नोंद आहे.

मग मी ह्यांच्याकडे वळले. "पाठ धरली म्हणजे पाठ धरली! हे लहान मुलालाही कळतं!"

"अगं, पण तू कर्ता गाळलास. कोणी धरली, ते वाक्यात नको का?"

"कोणी म्हणजे? तुमच्या त्या सर्जननं धरली! हे बघा!" मी खिशातलं पान काढून ह्यांच्या नाकासमोर धरलं. "एकदम झटका द्यावा!"

ह्यांनी पान घेतलं, चष्मा वर केला आणि पांढरे पडले. "हे तू केलंस? अगं, इथे न सुटलाय! एकदम झटका न द्यावा, असं आहे. मी हंसपद घालून समासात न लिहिलाय, लाल शाईत, ठळक!"

"हंसपद? मला काय माहीत हंसाचे पाय!"

"म्हणून तर म्हणालो होतो ना, चुका आहेत त्यात."

रडावं की ह्यांना पकडीनं सील करावं, ते कळेना. धान्यवाल्याला पोलिसांनी सोडलं. तो गाडीवर बसला, मग पुन्हा उतरून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाई, मुठी सैल धरा. आणि दर सिग्नलला खांदे खाली आले का, बघत जा." आणि जाता जाता, "काट्याचं कळलं मला. चूक माझी होती." त्याच्यावरचा चाळीस ग्रॅमचा खटला मी सोमवारी दाखल केला. एक ग्रॅम जास्त नाही, एक ग्रॅम कमी नाही.

आणि सोमवारीच मी रेकॉर्ड रूममध्ये बसले.

साहेब म्हणाले, तुम्ही प्रामाणिक आहात, याचं मला कौतुक आहे. पण तीन वर्षं दुखतेय, हे तुम्हीच भर रस्त्यात सांगितलंत. तीन महिने. मी त्यांना एवढंच म्हटलं की तीन महिन्यांनी ही पाठ अशीच दुखत असेल, म्हणजे दोष मोटारसायकलचा नव्हता, हे सिद्ध होईल! तेव्हा मी याच पायऱ्या कण्हत कण्हत चढून येईन आणि माझी फिरती परत घेईन!

झालं. मी पाठ दुखायची वाट बघायला लागले. टेबलावर वाकून बसले. जाड जाड फायली वरच्या फळीवरून मुद्दाम एका हातानं काढल्या. सकाळी डोळे उघडले की आशेनं कुशीवर वळायचे. काही नाही! तीन वर्षं जिनं मला छळलं, ती पाठ कधी नव्हे ती शहाण्यासारखी वागायला लागली. आठवडा गेला, महिना गेला, कळ म्हणून नाही. आधी कळेना. मग एक दिवस लक्षात आलं, माझे खांदे खाली होते. कारण त्या खोलीत चिडायला कुणी नाहीच हो! फायली उलट बोलत नाहीत. कुणी कट मारत नाही, कुणी खोटा काटा लावत नाही. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा नुसती शांतता. घरी हे म्हणाले, "किती छान वाटतेस अलीकडे." त्यावर मी चिडलेसुद्धा नाही. रात्री अंथरुणात मला त्याची भीती वाटली. फिरतीची आठवण येऊन थोडं रडूही आलं, ते ह्यांना कळू दिलं नाही.

तीन महिने संपले त्या सकाळी मी सरकारी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मला वाकवलं, वळवलं, हात वर करायला लावले आणि दाखला दिला: पूर्णपणे तंदुरुस्त! तो घेऊन मी जिना धावत चढले. म्हटलं, दुखून नाही तर न दुखून, पण फिरती आपली! दाखला साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी तो दोनदा वाचला. मग माझ्याकडे इतक्या प्रेमानं बघितलं की मला संशयच आला.

"बाई, कमाल झाली! तीन वर्षांचं दुखणं तीन महिन्यांत गेलं? रेकॉर्ड रूम मानवली तुम्हाला! मग आता कशाला हलवायचं? तिथेच राहा की. मी आजच कायमची ऑर्डर काढतो."

मी तोंड उघडलं. इतकं काही सुचलं होतं, इतकं काही! पण गेले तीन महिने आवाज वापरलाच नव्हता, तो वेळेवर आला नाही. आणि चिडले, ओरडले, तर साहेब म्हणणार, बघा, वर आलात की त्रास होतो. मी मुठी सैल सोडल्या, खांदे खाली घेतले आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, "बरं, साहेब."

आणि त्याच क्षणी डाव्या खांद्याखाली सणकून कळ आली! ओळखीची, हक्काची, फावड्यापासून कंबरेपर्यंत! डोळ्यांत पाणीच आलं माझ्या.

साहेबांना सांगितलं नाही. सांगणार काय? सांगितलं असतं तर अनफिट, म्हणजे तरीही रेकॉर्ड रूमच!